इलेक्ट्रॉन फिरत नाही, तर मग करतो काय?

पत्र :

मॅडम, मी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. मधे केंद्रक आणि भोवती गोल कक्षांमधून फिरणारे इलेक्ट्रॉन, हे अणूचं चित्र मी शाळेत इतक्यांदा काढलंय की डोळे मिटूनही काढेन. आता केमिस्ट्रीचे सर म्हणाले, ‘ते चित्र विसरा, चुकीचं आहे. इलेक्ट्रॉन फिरत नाही.’ मग करतो काय, असं विचारलं तर म्हणाले, ‘ऑर्बिटलमध्ये असतो.’ ऑर्बिटल म्हणजे ढग म्हणे. मला तो ढग काही केल्या समजत नाही. शाळेत शिकवलेलं चुकीचं होतं, तर आता शिकवतात तेही उद्या चुकीचंच निघेल ना? माझे बाबा वायरमन आहेत. ते विचारतात, वायरीतून इलेक्ट्रॉन पळतात तर किती जोरात पळतात? आणि घरात येऊन परत जातात, तर आपण बिल कशाचं भरतो? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. कॉमर्सला जाऊ का?

– एक विद्यार्थिनी, सांगली जिल्हा

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं. कॉमर्सचं शेवटी बोलू, आधी इलेक्ट्रॉन. तुला जे खटकलंय ते खटकण्यासारखंच आहे, आणि त्याला नीट उत्तर आहे.

सर म्हणाले ते बरोबर आहे, पण अर्धंच. जुन्या चित्रातला एक भाग गेला आणि एक भाग राहिला. कुठला गेला आणि कुठला राहिला, हे कोणी सांगितलं नाही की मुलांना सगळंच निसटल्यासारखं वाटतं. गेला तो मार्ग, म्हणजे तू काढायचीस ती गोल रेघ. राहिल्या त्या ऊर्जेच्या पायऱ्या. इलेक्ट्रॉनला अणूमध्ये कुठलीही ऊर्जा घेता येत नाही, ठरावीकच घेता येतात, हे नील्स बोर यांनी १९१३ मध्ये मांडलं आणि ते आजही खरं आहे. हायड्रोजनच्या अणूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं छोटं माप) लागतात. बोर यांच्या सूत्रातून हा आकडा येतो आणि नव्या, म्हणजे क्वांटम गणितातूनही तोच येतो. सोडियमची २, ८, १ ही मांडणीही कुठे गेलेली नाही.

मार्ग का गेला, ते तुझ्याच पुस्तकातून दाखवते. बोर यांच्या प्रकरणात कोनीय संवेगाचं, म्हणजे गोल फिरण्याच्या जोराच्या मापाचं, सूत्र आहे. पहिल्या कक्षेसाठी ‘एन’, म्हणजे कक्षेचा क्रमांक, एक धरलास की कोनीय संवेग येतो एच (प्लांकचा स्थिरांक) भागिले दोन पाय. आता थोडी पानं पुढे जा, क्वांटम अंक, म्हणजे अणूतल्या इलेक्ट्रॉनची स्थिती सांगणारे चार आकडे, आहेत तिथे. त्यातला एक ‘एल’. हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या पायरीवर असताना त्याचा ‘एल’ शून्य असतो, आणि एल शून्य म्हणजे केंद्रकाभोवतीचा कोनीय संवेग शून्य. एकच इलेक्ट्रॉन, तीच पायरी आणि दोन वेगळी उत्तरं. यातलं दुसरं उत्तर प्रयोगांशी जुळतं. आणि जी वस्तू एखाद्या बिंदूभोवती गोल फिरते तिचा त्या बिंदूभोवतीचा कोनीय संवेग शून्य असूच शकत नाही. ‘फिरत नाही’ या वाक्याचा नेमका अर्थ हा आहे. सरांवर विश्वास ठेवून ते मान्य करायची गरज नाही, तुला तुझ्या वहीत ते पडताळता येतं.

आता इलेक्ट्रॉन आहे कसा. काही गोष्टी याबाबत इतक्या पक्क्या आहेत की चित्र कुठलंही आलं तरी त्या हलत नाहीत. १८९७ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. थॉमसन यांनी कॅथोड किरण विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रात वाकवून त्यातल्या कणाच्या प्रभाराचं वस्तुमानाशी असलेलं गुणोत्तर काढलं. नळीतला वायू बदलला, कॅथोडचा धातू बदलला, तरी गुणोत्तर तेच. म्हणजे हा कण सगळ्याच पदार्थांत आहे. पुढे रॉबर्ट मिलिकन यांनी तेलाचे बारीक थेंब विद्युत क्षेत्रात तरंगत ठेवून त्यांच्यावरचा प्रभार मोजला. तो नेहमी एका ठरावीक आकड्याच्या पटीतच निघाला. तो आकडा म्हणजे १.६०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलोम. वस्तुमान ९.१०९ गुणिले १० चा उणे ३१ वा घात किलो, म्हणजे प्रोटॉनच्या सुमारे १८३६ वा भाग. आकार? आजवरच्या प्रयोगांत सापडलेला नाही. १० चा उणे १८ वा घात मीटर इतक्या बारकाईनं तपासूनही इलेक्ट्रॉनला आतला भाग, रचना किंवा तुकडे आढळले नाहीत.

शिवाय एक गोष्ट शाळेत फारशी सांगत नाहीत आणि मला ती सगळ्यांत विलक्षण वाटते. सगळे इलेक्ट्रॉन अगदी सारखे असतात. तुझ्या नखातला, सूर्यातला, बाबांच्या पक्कडीतला, सगळे. नुसते मिळतेजुळते नव्हेत, तर ओळखता येईल असा काहीही फरक त्यांच्यात नाही. दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली तर काही बदललं असं म्हणायलाही जागा राहत नाही. हे फक्त तत्त्वज्ञान नाही. हे गणितात घेतलं नाही तर अणूंची उत्तरं चुकतात.

मग ढग म्हणजे काय? इथे तुला एक प्रयोग जवळून दाखवायला हवा. १९८९ मध्ये जपानमध्ये हिताची कंपनीच्या प्रयोगशाळेत अकिरा टोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो केला. इलेक्ट्रॉन इतके विरळ सोडले की उपकरणात एका वेळी जेमतेम एकच असावा. वाटेत एक अतिशय बारीक तंतू होता, त्याच्या या बाजूनं किंवा त्या बाजूनं जायला जागा होती. पलीकडे पडदा. पडद्यावर एक ठिपका उमटतो. थोड्या वेळानं दुसरा, भलतीकडेच. मग तिसरा. प्रत्येक ठिपका पूर्ण आणि एकाच जागी असतो, अर्धा ठिपका कधीच उमटत नाही. शंभरएक ठिपके झाले तरी कोणीतरी पडद्यावर मोहरी उधळल्यासारखंच दिसतं. हजारो झाले की हळूहळू पट्टे दिसू लागतात, एक गर्दीचा, एक रिकामा, पुन्हा एक गर्दीचा. असे पट्टे दोन वाटांनी आलेल्या लाटा एकमेकींत मिसळल्यावरच येतात. पण इथे तर एका वेळी एकच इलेक्ट्रॉन होता, मिसळायला शेजारी दुसरा कोणी नव्हता.

हा पडदा डोळ्यांपुढे आण, ढगाचं कोडं तिथे सुटतं. इलेक्ट्रॉन कुठे सापडण्याची शक्यता किती, हे एका लाटेवरून ठरतं. सापडतो तेव्हा मात्र तो अख्खा, एकाच जागी सापडतो. ऑर्बिटल ही त्याच लाटेची अणूतली आवृत्ती आहे. पुस्तकातला ढग म्हणजे इलेक्ट्रॉन पिंजून पसरलेला कापूस नव्हे. तो सापडण्याच्या शक्यतेचा नकाशा आहे. जिथे ढग दाट, तिथे सापडण्याची शक्यता जास्त. हायड्रोजनबद्दल बोर म्हणायचे की इलेक्ट्रॉन केंद्रकापासून ०.५२९ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे १० चा उणे १० वा घात मीटर) फिरतो. नवं गणित सांगतं की सर्वांत जास्त शक्यतेचं अंतर तेच आहे, पण त्या अंतराच्या आत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता सुमारे ३२ टक्केच, उरलेले ६८ टक्के त्याच्या बाहेर. तू काढायचीस त्या रेघेची जागा ही अशी होती.

तू विचारलं नाहीस, पण पुढचा प्रश्न तुला पडणारच. फिरत नसेल तर ऋण इलेक्ट्रॉन धन केंद्रकात जाऊन का पडत नाही? खरं तर फिरत असता तर पडलाच असता. प्रभारित कण गोल फिरला की त्यातून सतत ऊर्जा बाहेर जाते, आणि जुन्या भौतिकशास्त्राच्या हिशेबानं हायड्रोजनचा अणू सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत कोसळायला हवा. तो कोसळत नाही, कारण लाट लहान जागेत आवळली की तिची गतिज ऊर्जा वाढते. अंतर निम्मं केलं तर आकर्षणामुळे मिळणारी ऊर्जा दुप्पट होते, पण आवळल्यामुळे वाढणारी गतिज ऊर्जा चौपट होते. त्यामुळे एका अंतरानंतर आणखी जवळ जाणं महागात पडतं. या दोन्हींचा हिशेब जिथे सर्वांत स्वस्त बसतो ते अंतर ०.५२९ अँगस्ट्रॉम. अणूला आकार मिळतो तो यामुळे.

आता एक गोष्ट घरी करून बघ, आई जवळ असताना. गॅसच्या निळ्या ज्योतीवर स्टीलच्या चमच्याच्या टोकानं चिमूटभर कोरडं मीठ धर. चमचा चिमट्यात किंवा जाड फडक्यात पकड. ज्योत क्षणात पिवळीधमक होईल. तो रंग एका इलेक्ट्रॉनचा आहे. सोडियममध्ये ११ इलेक्ट्रॉन असतात, पैकी १० आतल्या दोन कवचांत बसलेले आणि एक बाहेर एकटा. ज्योतीच्या उष्णतेनं तो एकटा वरच्या पायरीवर जातो आणि लगेच खाली येतो. येताना सुमारे २.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा प्रकाश म्हणून सोडतो, आणि ती ऊर्जा डोळ्याला पिवळी दिसते. पायऱ्या ठरावीक आहेत म्हणून रंगही ठरावीक. मीठ कोकणातलं असो की कच्छमधलं, रंग हाच. रस्त्यावरचे जुने पिवळे सोडियम दिवे आठवतात ना? तिथेही हेच चालायचं.

या पिवळ्यात आणखी एक गंमत दडलेली आहे. चांगल्या वर्णपटमापकातून पाहिलं तर ही एक रेषा नसून जोडी दिसते, एक ५८९.० नॅनोमीटरवर आणि दुसरी ५८९.६ वर. जोडी का, तर स्पिनमुळे. इलेक्ट्रॉन स्वतः एक लहानसा चुंबक आहे. कुठल्याही दिशेनं मोजलं तर त्याचा स्पिन दोनपैकी एकाच उत्तरात येतो, अधिक अर्धा किंवा उणे अर्धा, मधलं काही नाही. १९२२ मध्ये स्टर्न आणि गेरलाख यांनी चांदीच्या अणूंचा झोत विषम चुंबकीय क्षेत्रातून सोडला, तेव्हा तो पसरट पट्टा न होता दोन भागांत फुटला. तीन वर्षांनी उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुणांनी स्पिनची कल्पना मांडली. पुस्तकात लिहितात तसा ‘इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो’ हा अर्थ मात्र घेऊ नकोस. तसा तो खरोखर गरगरत असता, तर त्याचा पृष्ठभाग प्रकाशापेक्षा वेगानं जायला लागला असता. हा आक्षेप भौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्ट्झ यांनी तेव्हाच घेतला होता. स्पिन हा वस्तुमान आणि प्रभार यांच्यासारखाच इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण आहे, एवढंच धर. फ्रीजच्या दारावर चिकटणारं चुंबक मुख्यतः याच गुणामुळे चिकटतं.

आणि सोडियमचा तो अकरावा इलेक्ट्रॉन बाहेर एकटा का? खालच्या पायरीवर ऊर्जा कमी लागते, तर अकराही जण तिथेच का नाही बसत? कारण एका अणूत कुठल्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही क्वांटम अंक सारखे असू शकत नाहीत. हा वोल्फगांग पाउली यांचा १९२५ चा नियम. तू तो पाठ केला असशील, मी सांगते तो समजून घे, कारण सगळं रसायनशास्त्र त्यावर उभं आहे. हा नियम नसता तर सगळे इलेक्ट्रॉन तळाला गोळा झाले असते, आवर्तसारणीतले गट उरले नसते, सोडियमनं क्लोरीनला इलेक्ट्रॉन दिला नसता आणि मीठही नसतं. तू टेबलावर हात ठेवतेस तेव्हा तो आरपार जात नाही, त्यामागेही मोठा वाटा याच नियमाचा आहे.

‘आता शिकवतात तेही उद्या चुकीचं निघेल ना?’ या तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. प्रभार, वस्तुमान, स्पिन, पायऱ्यांचे आकडे, हे मोजलेले आहेत, ते निघून जाणार नाहीत. इलेक्ट्रॉन केवढा चुंबक आहे, याचं गणितानं काढलेलं उत्तर आणि प्रयोगातलं मोजमाप सुमारे बारा अंकांपर्यंत जुळतं. मनुष्यानं केलेल्या फार थोड्या हिशेबांना अशी बरोबरी साधलीय. उद्या याहून खोल सिद्धांत आला, तरी त्याला हे बारा अंक द्यावेच लागतील, जसे नव्या गणिताला बोर यांचे १३.६ द्यावे लागले. उत्तर न मिळालेले प्रश्न मात्र आहेत. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या १८३६ वा भागच का, हे कुठलाही सिद्धांत आज सांगत नाही. तो आकडा आपण फक्त मोजतो.

म्हणून परीक्षेचं असं कर. वहीत बोर यांच्या सूत्रांभोवती चौकट आख आणि वर लिही : ‘फक्त एका इलेक्ट्रॉनच्या अणूला किंवा आयनाला’. हायड्रोजन, एक इलेक्ट्रॉन गेलेला हेलियम, दोन गेलेला लिथियम, अशांनाच ती लाव. सीईटीत त्यावर गणितं येतात आणि बारावीच्या फिजिक्समध्ये बोर पुन्हा भेटतील, तेव्हा ‘चुकीचं’ म्हणून सोडून दिलंस तर मार्क जातील. रंग आणि ऊर्जा विचारली की पायऱ्या आठव. आकार, बंध, कोन विचारले की ऑर्बिटल. सगळ्याला पुरेल असं एकच चित्र शोधत बसू नकोस, ते माझ्याकडेही नाही आणि भौतिकशास्त्रात आयुष्य काढलेल्यांकडेही नाही.

कॉमर्स आवडत असेल तर जरूर जा, चांगलं क्षेत्र आहे. पण इलेक्ट्रॉन डोळ्यांपुढे येत नाही म्हणून जाऊ नकोस. दोन वर्षांच्या पुस्तकांतली विसंगती तुला दिसली, तिनं तुला झोपू दिलं नाही. असा त्रास होणारी मुलं सायन्सला हवी असतात. निदान सहामाहीपर्यंत थांब, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिले बाबांचे प्रश्न, आणि ते दोन्ही फार चांगले आहेत. वेगाचं गणित तू त्यांच्यासमोर कर. तीन साधे पंखे मिळून जवळपास एक अँपिअर घेतात. एक अँपिअर म्हणजे सेकंदाला ६.२४ गुणिले १० चा १८ वा घात इतके इलेक्ट्रॉन. एक स्क्वेअर एमएमच्या वायरीत, एक मिलिमीटर लांबीच्या तांब्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात सुमारे ८.५ गुणिले १० चा १९ वा घात. भागाकार कर. उत्तर येतं सेकंदाला ०.०७ मिलिमीटर, म्हणजे तासाला सव्वीसएक सेंटिमीटर. मुंगीसुद्धा त्यांच्या कितीतरी पुढे जाईल. तांब्यात इलेक्ट्रॉन इकडेतिकडे धावतात ते सेकंदाला १,६०० किलोमीटरच्या आसपास वेगानं, पण सगळ्या दिशांना, त्यामुळे पुढे सरकणं एवढंच. हे झालं बॅटरीच्या करंटचं. घरातला करंट सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो, म्हणून तिथे इलेक्ट्रॉन मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी अंतरात नुसते झुलतात.

मग बटण दाबताच पंखा कसा फिरतो? सायकलची साखळी बघ. पायडल मारलं की मागचं चाक लगेच फिरतं. पुढची कडी मागे पोचेपर्यंत कोणी थांबत नाही, कारण सगळ्या कड्या एकदमच ओढल्या जातात. वायरीत ओढण्याचं काम विद्युत क्षेत्र करतं आणि ते जवळपास प्रकाशाच्या वेगानं पोचतं.

बिलाचंही उत्तर साखळीतच आहे. साखळी खर्च होत नाही, ती फक्त पायातला जोर चाकापर्यंत नेते. बाबांना सांग की वीज केंद्रातला एकही इलेक्ट्रॉन तुमच्या घरात आलेला नाही. डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन गुंडाळ्या एकमेकींना तारेनं जोडलेल्या नसतात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. एकीतून दुसरीत जातं ते चुंबकीय क्षेत्र, आणि त्याच्याबरोबर ऊर्जा. तुमच्या वायरीतले इलेक्ट्रॉन वायर विकत घेतली तेव्हाच तांब्याबरोबर आले, त्यांचे पैसे दुकानात दिलेत. बिल असतं ऊर्जेचं. दोन किलोवॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल, आणि मीटर तेवढंच मोजतो.